काकांबरोबर पाठवलेली मतं

२३ फेब्रुवारी २०२०, रविवार

श्रीनिवासकाकांकडे मीटिंग होती आणि मी पोचलो तेव्हा ती संपत आली होती. वाटेत कार्निव्हल आडवा आला. आइंडहोवनच्या एका गल्लीत एक गृहस्थ गायीच्या वेषात ट्यूबा वाजवत चालला होता आणि मागून त्याची वासरं, लहानमोठी. सायकल भिंतीला टेकवून बघत राहिलो. मग त्या गायीनं मला बिअर दिली. नाही म्हणणं बरं दिसत नाही.

काका रागावले नाहीत. म्हणाले, "आले का आमचे प्रचारप्रमुख." सगळे हसले. पण काकांनी खरंच काम दिलं.

काम असं: अमेरिकेत पक्षाचे इच्छुक आधी आपापसात लढतात, राज्याराज्यांत मतदान होतं आणि जिंकेल तो अध्यक्षपदाला उभा राहतो. ह्याला प्रायमरी म्हणतात. आपल्याकडे तिकीट दिल्लीहून येतं, तिकडे तिकिटासाठीही मतदान. ओहायोची पाळी १७ मार्चला. ओहायोत कधीकाळी राहिलेले, अमेरिकन नागरिक झालेले आपले लोक हॉलंडभर पसरलेत. त्यांना शोधायचं, ईमेलनं आलेली मतपत्रिका छापून भरायला लावायची. काका स्वतः बावीस वर्षं तिकडे होते. मी जन्मानं ओहायोचा. पाच वर्षांचा असताना बाबांनी पुण्याला परत आणलं. इंजिनियरिंग दुसऱ्या वर्षी सोडलं, हॉटेल मॅनेजमेंट त्याहून लवकर. डिग्री नाही, पण निळा पासपोर्ट आहे, आणि आज पहिल्यांदा तो कुणाच्या तरी उपयोगाचा वाटला.

स्वयंपाकघरात कुमुदिनीकाकू थालीपीठ लावत होत्या. हळूच म्हणाल्या, "तू ह्यांचं फार ऐकतोस. तुझं स्वतःचं काहीतरी बघ की."

म्हटलं, "काकू, हेच माझं."

त्यांनी थालीपीठ उलटलं. 

२९ फेब्रुवारी, शनिवार

अॅमस्टरडॅमला, बुइटनव्हेल्डर्टमध्ये साधनामावशींकडे गेलो. टिलबर्गला कोरोनाचा पहिला पेशंट सापडलाय म्हणून मृदुलाताई (माझी आतेबहीण, फेल्डहोवनला तिच्याच माळ्यावर मी राहतो) म्हणाली, गाडीत कशाला हात लावू नकोस. मग उभं कसं राहायचं ते सांगितलं नाही.

साधनामावशी साठीच्या पुढच्या. ओहायोत, टोलिडोला लायब्ररीत होत्या. यजमान, बाळासाहेब, गेल्यावर मुलाकडे, शैलेंद्रकडे आल्या. बाळासाहेबांच्या तपासणीला विमावाल्यांनी मंजुरी द्यायला इतके दिवस लावले की मंजुरी आली तेव्हा माणूस नव्हता. आमचा उमेदवार उपचार सगळ्यांना मिळाले पाहिजेत म्हणतो. मावशींना राजकारणातलं तेवढं एकच ठाऊक आहे आणि ते पुरेसं आहे.

मतपत्रिका भरून पाकीट बंद करून तयार होतं. म्हणाल्या, "पेटी खालीच आहे. आत्ता जाऊन टाकते."

"मावशी, इथलं टपाल कधी पोचेल सांगता येत नाही. श्रीनिवासकाका तेराला लेकीकडे निघालेत, ओहायोलाच. त्यांच्याबरोबर देऊ. तिथल्या टपालात टाकलं की दुसऱ्या दिवशी पोचतं."

"मत असं कुणाबरोबर द्यायचं असतं का रे?"

"मागच्या उन्हाळ्यात तुम्ही टोलिडोच्या मैत्रिणीला गोडा मसाला कुणाबरोबर दिलात?"

हसल्या. "मसाला वेगळा."

"जाणारा माणूस तोच ना?"

थोडा वेळ पाकीट हातात धरून बसल्या. मग दिलं. वर लाडूही दिले. आपल्यात हे बरं असतं. कुणी विमानात बसणार म्हटलं की लोक द्यायला काहीतरी काढतातच, मग आपणच आधी मागितलेलं काय वाईट.

४ मार्च, बुधवार

काल बऱ्याच राज्यांत एकदम मतदान झालं. आमच्या माणसानं मार खाल्ला. काकांकडे गेलो तर ते आतल्या खोलीत दार लावून नीरजाशी फोनवर. नीरजा म्हणजे त्यांची मुलगी, तिकडे पक्षाच्या कचेरीत काम करते. मी बाहेर काकूंच्या मांजराशी खेळत बसलो. ते मांजर फक्त डच ऐकतं.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "रुचिर, शेवटी पक्ष मोठा. माणूस नाही."

म्हटलं, "काका, ओहायोत आपण कसर भरून काढू."

माझ्या खांद्यावर थोपटलं. दमलेत बिचारे.

८ मार्च, रविवार

एनस्खेडेला निहारकडे जायला निघालो आणि डेव्हेंटरला उतरलो, कारण गाडीतून जुनं गाव छान दिसलं. नदीकाठी हेरिंग खाल्ली. संध्याकाळी पोचलो. निहार तिथल्या विद्यापीठात इंजिनियरिंगमध्ये पीएचडी करतो, जन्मानं क्लीव्हलंडचा, म्हणजे ओहायोचाच. माझ्यासारखाच पासपोर्ट, पण त्यानं त्याचं काहीतरी केलंय.

पाकीट देताना म्हणाला, "हे असं गोळा करणं चालतं ना? नियम बघितलास?"

"काका आहेत ना."

"काका म्हणजे ओहायोचा निवडणूक आयोग का?"

"बावीस वर्षं होते ते तिकडे. तू किती, दोन?"

त्यानं पाकीट सोडलं. परतीच्या गाडीत नियम बघावेत म्हणून फोन काढला आणि मग एका माणसाचा व्हिडिओ लागला, तो हंसांना शिट्टीवर रांगेत चालवतो. आइंडहोवन कधी आलं कळलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

पाकिटं काकांना दिली. माझंही त्यातच. मतदार म्हणून सही करायच्या आधी ती दुसऱ्या कागदावर गिरवून बघितली, हे कुणाला सांगणार नाही.

तिकडच्या अध्यक्षांनी काल युरोपातून येणाऱ्यांना बंदी जाहीर केली, पण नागरिकांना मुभा आहे, म्हणून काका उद्या निघतायत. काकूंनी सगळी पाकिटं एका कापडी पिशवीत घातली, नाडी बांधली आणि बॅगेत भाजणीच्या शेजारी ठेवली. त्या जात नाहीयेत, त्यांच्या गुडघ्याची तारीख आलीय. काका नुसते बघत होते. मी म्हटलं, "काका, जपून न्या, ओहायोकरांची अब्रू आहे." (ग्रुपचं नाव मीच 'ओहायोकर' ठेवलंय.)

"हो रे."

हात मिळवायला आता मनाई आहे. काकांनी नमस्कार केला, म्हणाले, "आपलं आधीपासून बरोबर होतं." खूप हसलो. दारातून वळून बघितलं तर काकू हसत नव्हत्या.

१७ मार्च, मंगळवार

मतदान पुढे ढकललं. आदल्या दिवशी संध्याकाळी जाहीर केलं, ओहायोवाल्यांनी कमाल केली. इकडे शाळा बंद, कॅफे बंद. मृदुलाताईचा नवरा सुश्रुतदादा माझ्या माळ्यावर ऑफिस लावून बसलाय, म्हणून मी जिन्यात. त्यांची लेक मृण्मयी मराठीत विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना डचमध्ये उत्तरं देते. आज म्हणाली, मामा, तुझं काम काय? जेवणं पोचवतो म्हटलं. म्हणाली, ते नाही, खरं काम. म्हटलं, निवडणूक. ती हसली नाही, तेच बरं वाटलं.

काकांचा ग्रुपवर मेसेज: "सुखरूप पोचलो. काळजी नसावी. सर्व सुरक्षित."

मी खाली अंगठ्यांची रांग लावली.

२ एप्रिल, गुरुवार

नवीन तारीख २८ एप्रिल, सगळं टपालानं. म्हणजे आपण आधीच पुढे. काका फोन उचलत नाहीत. बहुतेक वेळेचा घोळ.

रस्ते इतके रिकामे की जेवण पोचवताना आज हात सोडून गाव पार केलं.

९ एप्रिल, गुरुवार

आमच्या उमेदवारानं काल माघार घेतली. भिंतीकडे बघत बसलो. एवढं वाईट दहावीच्या निकालाला वाटलं नव्हतं, आणि तेव्हा मी नापास होतो.

काकांनी आज फोन उचलला. आवाज एकदम ताजा.

"आता पुढे बघायचं रुचिर."

"पाकिटं टाकलीत ना काका?"

"अरे, त्याची काळजी तू नको करूस."

म्हणजे टाकली. साधनामावशींना कळवलं. म्हटलं, मावशी, आता उपयोग नाही तसा, पण मत पोचलंय. त्या म्हणाल्या, "त्याला जिंकवायला कुठे दिलं होतं मी? मतपत्रिकेवर त्याचं नाव छापलेलं आहे अजून. मोजलं जावं म्हणून दिलं. कुठेतरी लिहिलं जाईल ना की एवढ्यांना हे हवं होतं."

हे मला सुचलं नव्हतं.

१९ एप्रिल, रविवार

तिकडच्या भारतीयांची एक झूम सभा होती, दुसऱ्या उमेदवाराची. म्हणजे आता एकच उरलेल्याची. नुसतं बघायला घुसलो. बघतो तर दुसऱ्या चौकोनात काका, कोट घालून. खाली लिहिलेलं: सहअध्यक्ष. सूत्रसंचालक बाई म्हणाल्या की श्रीनिवासजी मार्चच्या मध्यापासून आमच्याबरोबर खांद्याला खांदा लावून आहेत.

मार्चच्या मध्यापासून. तेव्हा आमचा माणूस रिंगणात होता. तेव्हा मी 'सर्व सुरक्षित'खाली अंगठे लावत होतो.

पक्ष एकच आहे, असं स्वतःला सांगून बघितलं. काकांचंच वाक्य. मृदुलाताईला सांगितलं तर ती म्हणाली, "मोठी माणसं असंच करतात रे, तू कशाला मनाला लावून घेतोस." मग तिनं भाकऱ्या थापायला घेतल्या आणि मी पिठाच्या डब्याचं झाकण कितीतरी वेळ उघडझाक करत होतो, तिनं काढून घेईपर्यंत.

३० एप्रिल, गुरुवार

मावशींनी शैलेंद्रकडून तिकडच्या जिल्ह्याच्या निवडणुकीच्या साइटवर स्वतःचं नाव टाकून बघितलं. मतपत्रिका मिळालेली नाही. निहारनं त्याचं बघितलं. नाही. मी माझं. नाही.

मावशींनी ग्रुपवर साध्या शब्दांत विचारलं: श्रीनिवासराव, पाकिटं कुठल्या तारखेला टाकलीत?

दिवसभरानं काकांचं उत्तर आलं. पाठ झालंय मला. "साधनाताई, रुचिरनं उत्साहात बरीच पाकिटं गोळा केली होती हे खरं. मला सुपूर्द केली की नाही हे प्रवासाच्या गडबडीत नीटसं आठवत नाही. तरुण मुलगा आहे, त्याला बोलू नये."

त्याला बोलू नये. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. वर मला माफही केलंय.

मी लिहिलं, काका, काकूंनी पिशवीत बांधून दिली, तुमच्या बॅगेत, भाजणीशेजारी. सगळ्यांनी वाचलं. निळ्या खुणा दिसतात. काकूंनीही वाचलं. कुणी काही लिहिलं नाही.

पण हेही एक वेळ चाललं असतं. जेवताना मृदुलाताईनं ताट सरकवत विचारलं, "खरं सांग रुचिर, दिली होतीस ना? की मध्ये कुठे उतरला होतास?"

सुश्रुतदादा डाळीत बघत होता. मी उठलो. सायकल काढली आणि फिरत राहिलो. चिडण्यासारखं काय, डेव्हेंटरला मी खरंच उतरलो होतो. पाकिटं अंगावरच्या पिशवीत होती. एक क्षणभर मलाच शंका आली की दिली ना आपण.

२ मे, शनिवार

काकूंनी बोलावलं. आत नाही, मागच्या बागेत, दोन खुर्च्या लांब लांब मांडून. ओट्यावर चहा ठेवून त्या मागे सरकल्या, मग मी जाऊन उचलला. देवाला नैवेद्य दाखवतात तसं.

म्हणाल्या, "विमानतळावरून घरी जाताना गाडीतच नीरजानं सांगितलं त्यांना. तिकडे दुसऱ्याचं मत असं न्यायचं नसतं. घरातलंच जवळचं माणूस नेऊ शकतं. नाहीतर गुन्हा. तिची नोकरीच त्या पक्षात. ती रडायला लागली."

"मग?"

"तिच्या घरी कागद फाडायचं मशीन आहे."

"कधी?"

"पोचले त्याच दिवशी."

मला आधी फक्त आवाज आला डोक्यात, त्या मशीनचा. माझी सही, मावशींचं पाकीट. मग हळूहळू तारखा लागायला लागल्या. ते पोचले, चार दिवसांत मतदान पुढे ढकललं. नंतर सहा आठवडे होते. काकांनी एक ओळ लिहिली असती की चूक झाली, पुन्हा मागवा, तर प्रत्येकानं नवी मतपत्रिका मागवून स्वतः पेटीत टाकली असती. मावशींची पेटी तर दारात आहे. त्याऐवजी 'सर्व सुरक्षित'. कायद्याला घाबरले, हे मी समजू शकतो. मीही घाबरलो असतो. पण पुढे सहा आठवडे कशाला घाबरले? आम्हाला. आमच्यासमोर चुकलो म्हणायला.

म्हटलं, "काकू, हे ग्रुपवर लिहा. एवढंच लिहा की पिशवी तुम्ही बांधलीत."

"ह्यांच्या विरुद्ध लिहू मी आता? चाळीस वर्षांनी?"

"मग मला कशाला सांगितलंत?"

"तुला वाटत असेल की तुझ्याकडून हरवली, म्हणून. झोप लागत नव्हती मला."

आता त्यांना लागेल. चहा चांगला होता, हे उगाच लिहितोय. निघताना म्हणाल्या, "मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." खरंय, पण त्यांनी तेव्हा थालीपीठाबद्दल बोलावं तसं सांगितलं होतं.

६ जून, शनिवार

कॅफे उघडले, गाड्या नीट सुरू झाल्या. अॅमस्टरडॅमला जाऊन मावशींना सगळं सांगितलं. नियम बघायला घेतले होते आणि हंस बघत बसलो, तेही. इमारतीखालच्या बाकावर, त्या एका टोकाला, मी दुसऱ्या.

ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुमुदिनी हे लिहून देईल?"

"नाही."

"मग माझ्याकडे काय आहे बघ. त्यांचा शब्द आणि तुझा शब्द."

"मावशी, मी खोटं बोलेन का?"

"खोटं बोलतोयस असं नाही म्हटलं." मग म्हणाल्या, "मी खाली येऊन टाकणार होते रे. चप्पल घातलेली होती."

मला रडू आलं आणि ते दिसू नये म्हणून मी समोरच्या कालव्यातल्या बदकांबद्दल बोलायला लागलो. त्यांनी बदकांकडे बघितलं नाही. बाळासाहेबांना काय सांगू, असं काही बोलतील अशी भीती होती. तसलं काही बोलल्या नाहीत, घरी जाऊन औषध घ्यायचंय म्हणाल्या.

ग्रुप मी आज सोडला. नाव मी ठेवलेलं होतं, ते तसंच आहे. काका अजून त्यात रोज सुविचार टाकतात, निहार सांगतो. निहारनं माझी बाजू घेतली का विचारलं, तर म्हणाला, "मी न्यूट्रल आहे." इंजिनियर.

१७ ऑक्टोबर, शनिवार

बरेच दिवस लिहिलं नाही. ऑगस्टमध्ये लिंबर्गला सफरचंदं तोडली, पाठ धरली, परत माळ्यावर. कॅफे पुन्हा बंद.

परवा साधनामावशींचा फोन आला. म्हणाल्या, नोव्हेंबरची मतपत्रिका भरलीय, पोस्टात टाकायचीय, शैलेंद्र क्वारंटाइनमध्ये आहे, मला डच नीट वाचता येत नाही, येतोस का. जूननंतर पहिला फोन. फेल्डहोवनहून कुणी पेटी दाखवायला अॅमस्टरडॅमला जात नाही, पण मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. वाटेत कुठेही उतरलो नाही. मृदुलाताईनं विचारलं, एवढा नटून? म्हटलं, मतदान आहे.

मावशी मास्क लावून खाली उभ्या होत्या, पाकीट पर्समध्ये. पेटीपर्यंत माझ्या पाठीबद्दल, त्यांच्या बीपीबद्दल बोललो. काकांचं नाव दोघांनीही घेतलं नाही. पेटीशी आल्यावर त्यांनी पाकीट काढलं. माझा हात आपोआप पुढे गेला, "द्या, मी टाकतो."

"राहू दे."

हात खिशात घातला.

पेटीला दोन फटी असतात. एक जवळच्या पत्त्यांची, दुसरी बाकी सगळ्या जगाची. वर डचमध्ये लिहिलेलं असतं. मावशींनी चष्मा वर करून बघितलं. "कुठली?"

"उजवीकडची, मावशी. बाकीच्या जगाची."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान डोलावली. पाकीट फटीपर्यंत नेलं. मग थांबल्या. पलीकडून एक म्हातारा कुत्र्याला घेऊन येत होता. तो जवळ येईपर्यंत आम्ही दोघं उभे राहिलो. मावशींनी त्याला अदबीनं, इंग्रजीत विचारलं, अमेरिकेला कुठून टाकायचं?

त्यानं उजवीकडची दाखवली.

मावशी त्याला थँक्यू म्हणाल्या आणि पाकीट टाकलं.